द्राक्षाच्या रसाच्या गोळ्या सकाळपर्यंत चिकट होतात, मदत हवी आहे

निफाडची_लेक:

नमस्कार मंडळी, घरी गोळ्या-टॉफ्या करणारं कोणी आहे का इथे? केकवाले ढीगभर आहेत पण कँडीवालं कोणी भेटेना म्हणून धागा काढतेय.

मी नाशिकला इंदिरानगरला राहते, माहेर निफाडकडचं, त्यामुळे या दिवसांत घरात द्राक्षं क्रेटने येतात. खाऊन, वाटून, कामवाल्या मावशींना देऊन पण उरतात, शिवाय एक्स्पोर्टला न जाणारे सुटे मणी असतात ते वडील "घेऊन जा गं" करत पिशवी भरून देतातच. भाचीचा वाढदिवस आलाय, रिटर्न गिफ्टला तीच ती खोडरबरं आणि पाउच देण्यापेक्षा घरच्या गोळ्यांच्या पुड्या द्याव्या असं डोक्यात आहे. द्राक्षाची गोळी, पानाची गोळी आणि कॉफी टॉफी असं ठरवलंय.

आता अडचण. द्राक्षाच्या गोळीसाठी दोन वाट्या गाळलेला रस, दोन वाट्या साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घेते, कारण सगळ्या व्हिडिओत सांगतात की लिंबू घातलं की पाकाची परत साखर होत नाही. थर्मामीटर आणलाय. १५० डिग्रीपर्यंत न्यायचं म्हणतात पण १३५-१४० लाच रंग तांबूस व्हायला लागतो आणि कडवट वास येतो म्हणून मी तिथेच उतरवते. ताटात ओतून कापल्यावर गोळ्या दिसायला फर्स्ट क्लास, संध्याकाळी कडक पण असतात, आणि सकाळी बघावं तर कागदाला चिकटून बसलेल्या, कागदासकट चोखाव्या लागतील अशा. हवा दमट आहे म्हणावं तर मार्चमध्ये नाशिकची हवा माहितीये तुम्हाला, ओठ फुटतायत.

पानाच्या गोळीत गुलकंद घातला तर तेच, वर अजून काळपट. आणि कॉफी टॉफीत शेवटी शेवटी बटर सुटून वर तरंगतं, मिसळीवर तर्री यावी तसं.

साध्या साखरेच्या लिंबू गोळ्या मात्र बऱ्या झाल्या होत्या म्हणून हे कोडं सुटत नाहीये. कोणी सांगेल का?

भोचक_भवानी:

फ्रीजमध्ये ठेव की. कडक राहतील.

पाकातला_माणूस:

फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका!! बाहेर काढल्यावर गोळीवर घाम धरतो आणि ते पाणी गोळी पिऊन टाकते, तासाभरात चिखल.

ताई तुमचा प्रॉब्लेम हवेचा नाही, रसाचा आहे. जरा लांबण लावतो पण एकदा कळलं की पुढे कुठल्याच गोळीत अडायला होणार नाही.

आपण जी साखर वापरतो ती सुक्रोज. आंबट पदार्थाबरोबर उकळली की ती फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. थोडीशी फुटली तर चांगलंच, कारण मग पाकात दाणा धरत नाही, व्हिडिओवाले लिंबू घाला म्हणतात ते त्यासाठी. पण काही थेंब लागतात हो, अर्धं लिंबू नाही. आणि द्राक्षाच्या रसात आधीच टार्टारिक आम्ल असतं, शिवाय द्राक्षातली साखर मुळातच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणजे तुम्ही आधीच फुटलेल्या साखरेत आंबट घालून, वर दोन वाट्या रसातलं पाणी आटेपर्यंत इतका वेळ ते उकळताय. त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढण्यात एक नंबर, नाशिकच्या कोरड्या हवेतलं पण ओढतं, आणि कॅरमल व्हायला त्याला ११० च्या आसपासच सुरुवात होते. १४० ला कडवट वास येतो तो त्याचाच. मग तुम्ही घाबरून लवकर उतरवता, म्हणजे आत पाणी जास्त राहतं. चिकटायला अजून काय पाहिजे.

लिंबू गोळी जमली कारण तिच्यात फळाची साखर नव्हती आणि पाणी कमी असल्यामुळे लवकर आटली.

कडक गोळीसाठी माझं माप: साखर २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ७० ग्रॅम, पाणी ६० मिली. जाड बुडाचं पातेलं. साखर विरघळेपर्यंत हलवायचं, उकळी आली की हात लावायचा नाही, उलथणं घालायचं नाही, कडेला उडालेली साखर ओल्या ब्रशने खाली ढकलायची. त्यातला एक दाणा जरी पाकात पडला तरी सगळी गोळी पांढरी खडबडीत होऊ शकते. सुरुवातीला थर्मामीटर ढिम्म हलत नाही आणि १४० नंतर भराभर चढतो, तेव्हा गॅस बारीक करा आणि व्हॉट्सअ‍ॅप बघायला जाऊ नका. थर्मामीटरचं टोक बुडाला टेकता कामा नये.

अजून एक, आपल्या नाशिकसाठी. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. पुस्तकातलं तापमान समुद्राकाठचं असतं. आधी नुसतं पाणी उकळून त्यात थर्मामीटर धरा, जो आकडा दाखवेल तो १०० पेक्षा जितका कमी तितकं रेसिपीतून वजा करा. म्हणजे १५० च्या जागी १४८. थर्मामीटरच चुकीचा असेल तर ते पण यात कळतं.

खात्री करायला आजीची पद्धत आहेच. वाटीभर गार पाण्यात थेंब टाका, बोटात मोडला तर टक्कन तुटला पाहिजे, दाताला चिकटला तर अजून व्हायचाय.

सिडकोवाली:

+१ सगळ्याला. आणि आंबट, वास, रंग हे सगळं गॅस बंद करून, बुडबुडे बसल्यावर. २०० ग्रॅम साखरेला अर्धा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबाचं फूल, पूड करून. तेव्हा उकळी नसते त्यामुळे साखर फुटायला वेळच मिळत नाही आणि आंबटपणा मात्र पूर्ण लागतो. इसेन्स उकळत्या पाकात घातला तर वास घरभर आणि गोळीत काही नाही.

निफाडची_लेक:

बाप रे, किती नीट सांगितलंत दादा. आता कळलं. पण मग माझी द्राक्षं कुठे गेली यात?? साखर आणि इसेन्सचीच गोळी करायची तर ती कोणीही करेल. आणि ग्रेप इसेन्स मी हुंगून बघितलाय, आमच्या बागेतल्या एकाही द्राक्षाला तसला वास येत नाही.

दुसरं, लिक्विड ग्लुकोजऐवजी आजारी माणसाला पाण्यातून देतो ती ग्लुकोज पावडर चालेल का, ती घरात आहे.

पाकातला_माणूस:

नाही चालणार. ती डेक्स्ट्रोज असते, तिचे स्वतःचेच दाणे होतात. लिक्विड ग्लुकोज स्टार्चपासून केलेला घट्ट चिकट पाक असतो, त्यातल्या लांब साखळ्या सुक्रोजला एकत्र येऊन दाणा धरू देत नाहीत. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात छोटी बरणी मिळते. हाताला पाणी लावून काढा नाहीतर चमचा, ओटा, बाही सगळं एक होतं.

इसेन्सचं म्हणाल तर तो वास परदेशी काँकर्ड जातीच्या काळ्या द्राक्षाचा असतो. आपल्याकडे बंगळुरू ब्लू मध्ये थोडा तसा येतो. तुमच्या घरची थॉम्पसन असणार, तिला गोडी आहे, कुरकुरीतपणा आहे, वास जवळपास नाहीच. त्यामुळे थॉम्पसनची कडक गोळी कितीही छान जमवली तरी खाणाऱ्याला ती साखरेचीच लागणार, हे मी आधीच सांगून ठेवतो. रस वाया घालवू नका, जेली करा.

द्राक्षबाग_दिंडोरी:

हे बरोबर बोलले. आमच्या घरी जेली कँडीच होते, मुलं त्यासाठीच थांबलेली असतात. अर्धा लिटर रस गाळून निम्मा होईपर्यंत आटवायचा, त्यात पाऊण वाटी साखर. चायना ग्रास १० ग्रॅम वेगळ्या वाटीभर पाण्यात पूर्ण वितळेपर्यंत उकळायचं, एक सुद्धा धागा दिसता कामा नये, आणि मग रसात मिसळायचं. लिंबू गॅस बंद केल्यावरच, कारण आंबटात जास्त उकळलं की चायना ग्रासची पकड जाते. ताटात ओता, बाहेरच सेट होतं, फ्रीज लागत नाही. वड्या कापून जाळीवर पातळ कपड्याखाली वाळवायच्या, आपल्या हवेत दोन दिवसांत वर कातडी धरते. मगच साखरेत घोळवा, ओलसर असताना घोळवलं तर साखर वितळून पाणी सुटतं.

जिलेटिन पण चालतं पण ते प्राण्यांपासून करतात, रिटर्न गिफ्ट आहे, कोणाच्या घरी चालेल न चालेल. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं, कोणाचा प्रश्न नाही.

मात्र या वड्या कडक गोळीसारख्या महिनोन् महिने टिकत नाहीत हां. आठवड्यात संपवा.

मालेगावकर:

पानाच्या गोळीवर कोणी बोललंच नाही म्हणून आलो. आमच्या तालुक्याचा विषय आहे तो! पान पसंद रावळगावची. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखरेची कंपनी काढली आणि १९४२ पासून गोळ्या निघायला लागल्या. २०२४ मध्ये गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले ते ऐकून इकडे बऱ्याच लोकांना चुटपुट लागली होती, असो, विषय भरकटतोय.

ताई गुलकंद म्हणजे पाकातल्या ओल्या पाकळ्या, तो कडक गोळीत कधीच जमणार नाही, वर आलेलं सगळं फुटक्या साखरेचं पुराण त्याला पण लागू. ओलं पान पण नको. मी विड्याची पानं सावलीत कडकडीत वाळवून मिक्सरला पूड करतो, वस्त्रगाळ. एका घाण्याला अर्धा चमचा, सोबत बडीशेप आणि वेलचीची बारीक पूड, आणि पिपरमिंटचा तांदळाच्या कणीएवढा खडा. त्याहून जास्त घातला तर बामची गोळी होते. सगळं गॅसवरून उतरवल्यावर.

गुलकंद तुमच्याकडे आहेच तर तो पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटच्या आत भरा. पान चॉकलेट म्हणून लोक कॉफी टॉफी सोडून ते उचलतात.

सिडकोवाली:

कॉफी टॉफीचं राहिलं ना. बटर सुटतं म्हणजे गॅस मोठा आहे किंवा मध्येच हलवायचं थांबलात किंवा गार बटर गरम पाकात एकदम ढकललंत. सुटलेलं दिसलं की गॅस बारीक करून चमचाभर उकळतं पाणी घाला आणि न थांबता हलवा, बहुतेक वेळा परत एकजीव होतं. कडक गोळीला हलवायचं नाही आणि टॉफीला थांबायचं नाही, हे दोन्ही एकाच दिवशी करायला घेऊ नका, हात गोंधळतो.

चावायची मऊ टॉफी हवी असेल तर ११८ लाच उतरवा, आपल्या नाशिकच्या हिशोबात ११६. इन्स्टंट कॉफी चमचाभर गरम पाण्यात कालवून शेवटी. चिमूट मीठ घालाच, नाहीतर नुसतं गोड गोड लागतं.

निफाडची_लेक:

साचे कुठले वापरता सगळे? माझ्याकडे चॉकलेटचे पारदर्शक प्लॅस्टिकचे आहेत.

पाकातला_माणूस:

त्यात नका ओतू!! दीडशे डिग्रीचा पाक आहे, प्लॅस्टिक वाकडं होऊन पाक ओट्यावर येईल. सिलिकॉनचे घ्या, नाहीतर स्टीलच्या ताटाला तूप लावून ओता आणि अर्धवट गार झाल्यावर सुरीने रेघा मारा, पूर्ण गार झालं की रेघेवर मोडतं.

आणि हे आधी सांगायला हवं होतं, भाची "मी पण करते" म्हणत येईल तर या कामाला नाही. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो. ओट्याशेजारी गार पाण्याचं पातेलं तयार ठेवा. भाजलंच तर लगेच नळाखाली वीस मिनिटं, हळद टूथपेस्ट काही नको. भाचीला कागद गुंडाळायला बसवा.

भोचक_भवानी:

पण पाडव्याच्या गाठी तर मुद्दाम पांढऱ्या खडबडीतच असतात, त्या कशा चालतात मग?

पाकातला_माणूस:

गाठीत दाणा धरायलाच हवा असतो, गोळीत धरायला नको. पाक तोच. चांगला प्रश्न विचारलात, फ्रीजवाला सल्ला माफ.

निफाडची_लेक:

अपडेट देते. पाणी उकळून बघितलं तर माझा थर्मामीटर ९५ दाखवतोय! म्हणजे नाशिकचे दोन आणि याचे स्वतःचे तीन. त्या हिशोबाने १४५ ला उतरवलं आणि पानाची गोळी मालेगावकर दादांच्या मापाने केली, टक्कन तुटते, रंग थोडा शेवाळी आलाय पण चव झकास. साध्या गोळ्या गार झाल्या झाल्या सेलोफेनमध्ये पिळून डब्यात भरल्या, डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकलीये. द्राक्षाच्या वड्या जाळीवर वाळतायत, सासूबाई येता जाता एक एक उचलतायत त्यामुळे वाढदिवसापर्यंत किती उरतील देव जाणे. टॉफी उद्या.

आता दोनच प्रश्न. पातेल्याच्या बुडाला पाक दगडासारखा बसलाय तो कसा काढू? आणि लॉलीपॉपच्या कागदी काड्या सुट्या मिळतात का पाकीटच घ्यावं लागतं?

सिडकोवाली:

घासू नकोस, पातेल्यात पाणी भरून उकळ, साखरच आहे, विरघळून जाते. थर्मामीटर पण त्यातच बुडव.

काड्या मला तरी सुट्या कुठे मिळाल्या नाहीत, पाकीटच घे. आणि साच्यात पाक ओतल्यावर काडी एकदा गोल फिरव म्हणजे सगळीकडून पाक लागतो, नाहीतर पोरं पहिल्याच चाटीला नुसती काडी बाहेर काढतात.