सोलापूरचा नकाशा जुन्या व्हिडिओ गेमसारखा करावा का?

कंबरतलाव (धागाकर्ता)

२०१२ च्या एप्रिल फूलला गूगल मॅप्सनं अख्ख्या जगाचा नकाशा ८-बिट करून टाकला होता. ‘क्वेस्ट’ नावाचं बटण दाबलं की डोंगर, झाडं, समुद्र सगळं ठोकळ्या-ठोकळ्यांचं, जुन्या जपानी साहसी गेममध्ये असतं तसं. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या जुन्या गेमच्या डब्यात घालायची कॅसेट काढतोय अशी थापही मारली होती. मग २०१५ ला पॅक-मॅन आला. गल्ल्यांचा भुलभुलैया व्हायचा आणि तो पिवळा गोळा ठिपके खात पळायचा. रस्ते दाट असले की झालं, गाव कुठलंही चालायचं. २०१८ मध्ये १० मार्चच्या ‘मारिओ दिवसा’ला दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या जागी गाडीतला मारिओ आला.

हे सगळे चार दिवसांचे पाहुणे होते. सोलापूरचा असा नकाशा आपणच करावा आणि कायमचा करावा, असं माझं मत आहे. फोनमधल्या रोजच्या नकाशात ज्यानं दुकान नोंदवलं तो दिसतो. भुईकोट किल्ल्याच्या नावापेक्षा मोबाइल दुरुस्तीच्या पाट्या ठळक! गेमच्या पडद्यावर एवढी ऐसपैस जागाच नसते. जुन्या निन्टेन्डोचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. तेवढ्यात गाव बसवायचं म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावंच लागतं. मी ठेवीन: किल्ला, सिद्धेश्वर तलाव, महापालिकेचं इंद्रभुवन, चार हुतात्म्यांचे पुतळे, बाळीवेस, मिलच्या चिमण्या. सात रस्ता ठेवायचा तर पंचाईत आहे, कारण त्या रिमोटला दिशा चारच असतात.

आणि क्वेस्ट, म्हणजे शोधमोहीम, तर आपल्याकडे आयती आहे. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापन केलेली ६८ लिंगं. ती शोधत फिरायची. पोरं निदान कन्ना चौकाच्या पलीकडचं सोलापूर तरी बघतील.

जुनीमिल

वाचायला छान आहे. पटलं नाही.

पहिलं म्हणजे गूगलनं केलं ती जाहिरात होती. एक एप्रिलला वर्तमानपत्रं, वाहिन्या फुकट बातमी छापतात, एवढंच. २०१४ ला त्याच नकाशात पोकेमॉन, म्हणजे गेममधले काल्पनिक प्राणी, पकडायचा खेळ ठेवला होता. दोन वर्षांत नियान्टिकचा पोकेमॉन गो हा गावभर फिरून फोनवर खेळायचा गेम बाजारात आला, आणि नियान्टिक गूगलच्याच पोटातून निघालेली कंपनी. त्यामुळे ‘गंमत म्हणून’ वगैरे मला सांगू नका.

दुसरं, काय ठेवायचं ते कोण ठरवणार? तुमची यादी परत वाचा. किल्ला, तलाव, पुतळे, इंद्रभुवन. अशोक चौकाच्या पुढचं, पूर्व भागातलं काय आहे त्यात? कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार बायकांची १०,००० घरं. त्याच बाजूला रे नगरची ३०,००० घरांची योजना. त्यातल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला. तुमच्या गेममध्ये या सगळ्यांना मिळून काय मिळणार? करड्या रंगाचा एक ठोकळा, शंभर वेळा चिकटवलेला. गेममध्ये गवत दाखवतात तसा.

फुंकरमार

तांत्रिक शंका काढतो, राग नसावा. ‘८-बिट नकाशा’ म्हणून जे दाखवतात त्यातलं जवळजवळ काहीच त्या यंत्रावर चाललं नसतं. २०१२ चंसुद्धा आजच्या ब्राउझरवर काढलेलं जुन्या ढंगाचं चित्रच होतं.

खऱ्या निन्टेन्डोत मागचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्यांचं असतं आणि रंग १६ बाय १६ च्या चौकोनाला एकत्र वाटलेले असतात. त्या चौकोनात तीन रंग आणि सगळ्या पडद्याला सामाईक असलेला चौथा, बस्स. आता सिद्धेश्वर मंदिर काढून बघा. चारी बाजूंनी पाणी, मधे देऊळ, शिखर, झाडं, पलीकडे किल्ल्याचा काळा दगड. देवळाची कड आणि पाणी एकाच चौकोनात आले की निळा आला, पांढरा आला, तिसरा रंग दगडाला द्या नाहीतर झाडाला. दोघांना मिळणार नाही. मी करून बघितलंय, झाड दगडी होतं.

@जुनीमिल, गवताचं म्हणाल तर तो अपमान नाही, ती काटकसर आहे. मागच्या चित्राला एका वेळी २५६ च वेगळ्या फरश्या हाताशी असतात. एकसारख्या १०,००० घरांसारखं सोयीचं गाव त्या यंत्राला दुसरं नाही.

जुनीमिल

सोयीचं आहे हेच तर मी म्हणतोय! यंत्राला जे सोयीचं ते सारखं, जे गैरसोयीचं त्याला वेगळं चित्र. देवळाचं झाड दगडी झालं याचं तुला वाईट वाटलं. १०,००० घरांची एक फरशी झाली तर ती काटकसर?

जेकार्डवाला

काय भांडूलालाव बे सकाळी सकाळी.

आमच्या घरी तीन पिढ्या माग. त्यामुळे चौकटीत चित्र बसवणं हा जपानी शोध वगैरे ऐकलं की हसू येतं. चादरीवरचा मोर बघा जवळून. कड पायऱ्या-पायऱ्यांची असते की नाही? कारण आधी डिझाइन ग्राफच्या कागदावर काढतात. आडवी ओळ म्हणजे आडवा धागा, उभी ओळ म्हणजे उभा धागा. भरलेला चौकोन म्हणजे कार्डाला भोक, भोक असलं की धागा उचलायचा. आडव्या धाग्यागणिक एक कार्ड, अशी कार्डं ओवून माळ करायची आणि जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. हे यंत्र १८०४ चं, फ्रान्सचं. निन्टेन्डोचा डबा जपानात आला १९८३ ला. आता सांगा जुनं कोण.

म्हणून माझं मत धागाकर्त्याच्या बाजूनं, पण कारण वेगळं. मारिओसारखं गाव करायला जाऊ नका, चादरीसारखं करा. रंगाची टंचाई आम्हालाही असते की. दोन रंगांच्या चादरीत फूल, पान, मोर, किनार सगळं बसवतो. आणि @जुनीमिल, एकच नमुना परत परत आला की तो गवतच होतो असं कुणी सांगितलं? किनार म्हणजे दुसरं काय असतं? पूर्व भागातल्या पोरानं डिझाइन काढलं तर त्या घरांची किनार होईल. होटगी रोडवरच्या पोरानं काढलं तर गवत होईल. एवढाच फरक.

गड्डा

६८ लिंगांचा खेळ करायची कल्पना मला खटकली. सिद्धेश्वराच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, त्या लिंगांच्या मार्गानं निघतात, ते पेलणारे अनवाणी चालतात. मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून सगळी पद्धत ठरलेली आहे. तिथं कुणी पोरगं फोन पुढं धरून ‘एकोणिसावं सापडलं, गुण वाढले’ म्हणत शिरलं तर कसं दिसेल?

होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, खाऊगल्ली यांचा गेम करा ना. खुशाल करा.

कंबरतलाव

@गड्डा काका, गुण-बिण काढून टाकू. नुसती जागा, नाव आणि तिथली माहिती. यात्रेच्या दिवसांत ते बंदही ठेवता येईल. पण आज किती जणांना ६८ पैकी दहा तरी सांगता येतील? तलावाकाठची सोडली तर मलाही नाही येत.

@जेकार्डवाला, चादरीचं भारी आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नोडआणिवे

मी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशे काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००४ पासून चालू असलेला, कुणीही भर घालावी असा नकाशा आहे. असा गेमी नकाशा करायचा तर तिथलीच माहिती घ्यावी लागेल. २०१० मध्ये ब्रेट कॅम्परनं ‘८-बिट सिटीज’ हे प्रकरण त्यावरच उभं केलं होतं, गूगलच्या विनोदाच्या दोन वर्षं आधी. श्रेय नोंदवलं की माहिती फुकट वापरता येते.

माझा विरोध गेमला नाही, क्रमाला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पोकेमॉन गोनं आपला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर आणला. मग काय झालं? बागेत पोकेमॉन जास्त येतात असं कळल्यावर लोकांनी आपापल्या घराशेजारी खोट्या बागा काढल्या. २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर मिळणारा पोकेमॉन आला, तर जिथं समुद्र नाही तिथं वाळूचे किनारे उगवले. ते पुसत बसायचं काम आमच्यासारख्यांचं. उद्या सोलापूरच्या गेममध्ये तलावाला काही बक्षीस ठेवलंत, तर जुळे सोलापुरात घराघरापुढे तलाव होईल. पाण्याची एवढी बोंब असलेल्या गावात!

आणि पूर्व भागाचं @जुनीमिल म्हणतात ते नुसतं भावनेचं नाही. झूम पातळी (नकाशा किती जवळून दिसतो त्याचा आकडा) १५ ला आपल्या अक्षांशावर एक ठिपका सुमारे साडेचार मीटरचा असतो. बोळ त्याहून अरुंद असला तर त्या चित्रात तो खरा दाखवताच येत नाही, जाड करून खोटा दाखवावा लागतो. तो जाड तरी कधी होणार? मुळात कुणी काढलेला असेल तर. आधी बोळ काढा, मग त्याला रंग द्या.

कंबरतलाव

हे मी उलटं बघतो. रोजच्या नकाशात रिकामी जागा फिकट करडी असते, नजर तिच्यावरून घसरते. गेमी नकाशात तीच जागा रिकामी राहिली की डोळ्यात खुपते, कारण तिथं निदान झाड तरी असायला हवं असं वाटतं. बोळ काढायला पोरं बसतील कशानं? ‘माहिती भरा’ म्हटल्यावर कोण येतं? ‘आपल्या गल्लीचं चित्र गेममध्ये टाका’ म्हटलं तर येतील. बक्षीस कशालाच ठेवू नका, मग खोटे तलाव कशाला काढतील?

नोडआणिवे

बक्षीस नको, गुण नको, शत्रू नको. मग गेम कसला राहिला बे? नकाशाच झाला की.

कंबरतलाव

गेमसारखा दिसणारा नकाशा. पहिल्यापासून तेच म्हणतोय.

फुंकरमार

मग निदान संगीत तरी ठेवा. पाच ध्वनी मिळतात त्या यंत्रात, त्यातला एक नुसत्या खरखरीचा. यंत्रमागाचा खडखडाट अगदी चपखल बसेल.

जुनीमिल

संगीत नंतर. माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नाही. गोदूताई वसाहतीला कोणतं चित्र देणार? किल्ल्याला बुरूज आहे, तलावाला देऊळ आहे. तिथं काय? आणि विडी काढू नका म्हणजे झालं. बायकांनी जन्मभर तंबाखूची धूळ नाकात घेतली, वर नकाशात चिन्हही तेच.

जेकार्डवाला

सूप. मांडीवर घेऊन बसतात ते. पानं, कात्री, तंबाखू सगळं त्यातच असतं. माझी मावशी दारात बसायची ते घेऊन. वरून बघितलं तर आकार पण सोपा आहे.

फुंकरमार

८ बाय ८ मध्ये सूप म्हणजे पोळपाट वाटेल. १६ बाय १६ घे. रंगाचा एकच चौकोन लागतो, तपकिरी दोन छटा आणि पानाला हिरवा. बसतंय.

जुनीमिल

सूप चालेल. ते कुणाच्या गळ्यात मारलेलं वाटत नाही. पण ते काढायचं तिथल्या बाईला विचारून, तुमच्या तुमच्यात ठरवून नाही. आणि तेवढ्यावर मी या नकाशाच्या बाजूनं झालो असं समजू नका. माझ्या हातात असतं तर आधी त्या वसाहतीतल्या गल्ल्यांना क्रमांक आणि बसथांब्यांना पाट्या आल्या असत्या, ठोकळे मागाहून.

नोडआणिवे

बसथांबे रविवारी काढू या. अक्कलकोट रोडनं सुरुवात. ज्याला यायचं त्यानं अशोक चौकात या, फोनची बॅटरी भरून.

गड्डा

रविवारी मी मोकळा आहे. थांबे दाखवतो. लिंगांचं मात्र देवस्थानच्या पंचांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.