विषय: [मंडळ] संक्रांतीचं हळदीकुंकू आणि समुपदेशनाची माहिती

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली आहे. गेल्या काही महिन्यांत कार्यकारिणीतल्या आम्हा दोघी-तिघींना वेगवेगळ्या जणींनी बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली: मन मोकळं करता येईल असं कोणी जाणकार मराठी माणूस ठाऊक आहे का? कोणाचा घटस्फोट चालू आहे, कोणाचे यजमान अचानक गेले, कोणाच्या घरात मारहाण आहे. आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. या वेळी वाणाबरोबर समुपदेशनाची माहिती छापून द्यावी असा विचार आहे. मतं कळवा. कोणाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिस्टवर लिहू नका.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, एडिसन

विचार चांगला आहे, पण पत्रकं वाटून संसार सावरत नाहीत. भांड्याला भांडं लागायचंच. आम्ही चार वडीलधारी माणसं बसतो, दोघांना समोर बसवतो, दोन शब्द सांगतो. परक्या माणसाला तासाला एवढे डॉलर मोजून घरातलं उणंदुणं कशाला सांगायचं? अगदीच गरज पडली तर पुण्यातल्या समुपदेशक व्हिडिओ कॉलवर मराठीतून बोलतील, पैसेही कमी लागतील. आपण मंडळातर्फे एक समेट समिती नेमावी, असं सुचवतो.

प्रेषक: सभासद, प्लेन्सबरो

काका, सादर नमस्कार.

तुमची कळकळ खरी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मी इथे परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे समुपदेशन करणारी समाजकार्यकर्ती, आहे आणि माझं बरंचसं काम अशाच घरांमधल्या बायकांबरोबर चालतं. मारहाण किंवा धाक असेल तिथे दोघांना समोरासमोर बसवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. बैठकीत ती एक तर गप्प बसेल आणि सगळं आलबेल आहे असं तुम्हाला वाटेल, नाही तर खरं बोलेल आणि त्याचा हिशेब घरी जाताना गाडीतच चुकता होईल. जाणते समुपदेशकसुद्धा दोघांशी आधी वेगवेगळं बोलतात आणि हिंसा चालू असेपर्यंत जोडप्याचं एकत्र समुपदेशन टाळतात. भांड्याला भांडं लागतं ते बरोबरीच्या माणसांत. पासपोर्ट कुलपात, बँकेत नाव नाही, फोनवर लोकेशन चालू आणि कोथिंबिरीच्या जुडीचीही पावती दाखवायची, याला भांडण म्हणत नाहीत.

हे अमेरिकेतलं खूळ आहे असंही कोणी समजू नये. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलिसांच्या सोबतीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र आहे. आपल्या न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून काम करते, न्यूयॉर्कला ‘सखी’ १९८९ पासून. दारात संस्था आहेत आणि आपल्याच बायकांना त्यांची नावं ठाऊक नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तिथे नेमकं काय होतं ते सांगते, कारण ‘समुपदेशन म्हणजे सल्ला’ असा समज पक्का आहे. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि त्याचा शोक, मग पुन्हा माणसांत येणं. क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या भेटींत ‘काय काय झालं ते सगळं सांगा’ असं मी विचारत नाही. मुलांचे जन्मदाखले कुठे आहेत, हा फोन आणखी कोणी बघतं का, झोप लागते का, हे विचारते. घर सोडून वर्ष झालेलं असतं, तरी शेजारच्या गराजचं दार वर जाताना आवाज आला की हात गार पडतात, घास घशात अडकतो. शरीराला अजून तो घरी आल्याचं वाटत असतं. मग आम्ही पावलं जमिनीवर टेकवून बसतो, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेतो, श्वास लांबवतो. दिसायला किरकोळ आहे, पण त्यातूनच हळूहळू रात्रीची झोप परत येते. पुढे तयारी झाली की आघातावरचे नेमके उपचार आहेत. त्यातला एक साधारण बारा भेटींचा असतो आणि त्यात ‘माझ्यामुळेच झालं’ हा विचार कागदावर मांडून तपासतात. माझ्या अनुभवात हाच विचार सगळ्यात चिवट असतो.

एक धोका कोणी सांगत नाही, तो सांगते. नवऱ्याच्या नोकरीतल्या विम्यावर थेरपिस्टकडे गेलात, तर भेटीचा तपशील देणारं विमा कंपनीचं पत्र बहुधा त्याच्या नावाने घरी येतं. पत्र फुटलं की सगळं उघडं पडतं. म्हणून पहिल्या भेटीच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवायचं, की जिवाला धोका आहे, पत्रव्यवहार दुसऱ्या पत्त्यावर करा. कायद्याने तशी मागणी करता येते. संस्थांकडे समुपदेशन बहुतेक वेळा मोफत किंवा ऐपतीप्रमाणे मिळतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

पुण्याच्या समुपदेशकांबद्दल. दुःख हलकं करायला आपल्या भाषेतला आवाज मोठा आधार देतो, हे मला मान्य आहे. पण इथल्या माणसावर उपचार करायला इथल्या राज्याचा परवाना लागतो. शिवाय हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर. इथे रात्री प्रसंग ओढवला तर तिथून ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लागणार नाही, आणि न्यायालयातल्या तात्पुरत्या संरक्षण आदेशाची वाटही तिथल्या माणसाला ठाऊक नसते.

व्हिसाची भीती तर सगळ्यांनाच गप्प बसवते. नवरा सिटिझन किंवा ग्रीनकार्डधारक असेल, तर १९९४ च्या कायद्यामुळे छळ सोसणाऱ्या बायकोला त्याला न कळवता ग्रीनकार्डच्या वाटेवरचा स्वतःचा अर्ज करता येतो. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या पीडितेसाठी वर्क परमिटची वेगळी सोय आहे. यापुढचं मात्र वकिलानेच सांगावं, आपण कोणी नाही.

घरगुती हिंसेसाठी चोवीस तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन: १-८००-७९९-७२३३. दुभाष्या मागता येतो. जीव नकोसा झाला असेल तर ९८८.

नवरा गेला, नोकरी गेली, यांसाठीही समुपदेशन हवंच. एच-१बीवाल्याला नोकरी सुटल्यावर इथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी, मुलांची शाळा, घराचे हप्ते आणि भारतात काय सांगायचं, हे सगळं एकदम अंगावर येतं. त्यावर वेगळी मेल लिहीन.

प्रेषक: कार्यवाह (एका सभासदाने पाठवलेली मेल, नाव न देता)

मी घर सोडलं त्याला आता बराच काळ झाला. वाणाबरोबर कागद देऊ नका. वाण घरी जातं, तिथे पिशवी उघडली जाते. माझ्या घरी तर पर्सचे कप्पेसुद्धा तपासले जायचे. बाथरूमच्या दाराला आतून नंबर लावा, खाली फाडून घेता येतील अशा चिठ्ठ्या. तिथे कोणी मागे येत नाही.

दुसरं थोडं कठोर आहे. घटस्फोटानंतर मला हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. कोणी वाईट हेतूने केलं नसेल. पण ज्यांना या माहितीची गरज आहे, त्यांना तुम्ही आधीच यादीतून वगळलेलं असतं. ज्यांचे यजमान गेले त्यांचंही तेच. आमंत्रणात ‘सर्व महिला’ असं लिहा आणि मग खरंच फोन करा.

समुपदेशनाने माझा संताप गेला नाही. तो कोणावर काढायचा ते मात्र कळलं. आधी मुलीवर निघायचा. आणि पहिले काही महिने मला एक ताई दर आठवड्याला गाडीने सोडायच्या. वाटेत काही विचारायच्या नाहीत, रेडिओ लावायच्या. त्या नसत्या तर मी दुसऱ्यांदा गेलेच नसते.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, एडिसन

समितीची सूचना मागे घेतो. ज्येष्ठ गटातले आम्ही तिघे निवृत्त आहोत, गाडी चालवतो, वेळ आहे. दिवस आणि वेळ सांगा, कारण विचारणार नाही. एक प्रश्न उरतो: त्या मुलाशी, म्हणजे मारहाण करणाऱ्या नवऱ्याशी, कोणी बोलायचं की नाही? तोही आपल्यातलाच असतो.

प्रेषक: सभासद, प्लेन्सबरो

काका, मनापासून आभार. गाड्यांचं संस्थेशी बोलून ठरवू, कारण पत्ते गुप्त ठेवावे लागतात आणि बायकांना स्त्री चालक हवी असू शकते. तुमच्या घरच्याही कोणी तयार असतील तर विचारा.

मुलाशी जरूर बोला, पण तिने काय सांगितलं त्यावर एक अक्षर नको. तुम्ही स्वतः जे पाहिलं तेवढंच: ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर तू तिच्यावर हात उगारलास, ते मला चाललं नाही.’ तेसुद्धा ती सुरक्षित आहे हे आधी कळल्यावर. मारहाण करणाऱ्यांसाठी वेगळे, दीर्घ मुदतीचे गट असतात. नुसत्या राग आवरण्याच्या वर्गाने भागत नाही, कारण साहेबासमोर त्याचा राग व्यवस्थित आवरलेला असतो.

प्रेषक: कार्यवाह

वाणातली पत्रकं रद्द. चिठ्ठ्यांचा मजकूर संस्थेकडून तपासून घेतला की कार्यकारिणीला पाठवते. आमंत्रणाची यादी नव्याने करायला दोघी हव्यात, या रविवारी दुपारी. मला एकटीलाच उत्तर द्या, ‘रिप्लाय ऑल’ करू नका.