उरलेला भात: हो, पण ओट्यावरचा नको

सकाळीच जास्तीचा भात लावायचा आणि रात्री फ्रीजमध्ये सापडेल ती भाजी नि अंडं घालून परतायचा, असं एकांनी सुचवलंय, ते पटलं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी हेच असतं. परतायला शिळा भात ताज्यापेक्षा बरा. दाणे कोरडे झालेले असतात, गिचका होत नाही. पण 'कुकर दिवसभर ओट्यावर राहिला तरी काय, रात्री गरम होतोच की' हे मात्र नका करू. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास कोमट पडून राहिला की जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. वास येईलच असंही नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही.

मी जेवणं आटोपली की भात परातीत पसरते, वाफ गेली की उथळ डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचाच. परतताना आधी ओल्या हाताने गुठळ्या फोडून घ्या. भाजी वेगळी परतून बाजूला काढा. पहिल्यांदा मी सगळं एकदमच कढईत लोटलं होतं. भाजीला असं पाणी सुटलं की मुलांनी 'आज लापशी का?' म्हणून विचारलं.