मुलीसाठी पहिला गिटार ॲम्प कोणता घ्यावा?

प्रेषक: एक सभासद, म्युनिक

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझी बारा वर्षांची मुलगी वर्षभर साध्या गिटारवर शिकते आहे. तिच्या शिक्षकांच्या सल्ल्याने आम्ही नुकतीच तिला इलेक्ट्रिक गिटार घेतली, परंतु ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारा स्पीकरचा खोका) कोणता घ्यावा याचा निर्णय होत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहतो आणि आमच्या खालीच एक वयस्कर जोडपे राहते. एका दुकानात आम्हाला ४० वॉटच्या खालचे काही घेऊ नका, असे सांगण्यात आले. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात वाजवण्याची तिची फार इच्छा आहे, तेव्हा सभागृहाला पुरेल असा मोठा ॲम्प आत्ताच घेऊन ठेवावा का? आमची तयारी साधारण २०० युरोंपर्यंत आहे. पुढेमागे पुण्याला परतण्याचा विचार असल्यामुळे इथे घेतलेला ॲम्प तिथे चालेल का, हेही कृपया सांगावे.

प्रेषक: मंडळाची ध्वनिव्यवस्था पाहणारा एक सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

वॉटच्या आकड्यावरून निर्णय करू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ॲम्पची शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे २० आणि ४० वॉटमधला फरक किमतीत जेवढा दिसतो तेवढा कानाला जाणवत नाही. घरच्या खोलीत सराव करताना प्रत्यक्षात एखादा वॉटसुद्धा क्वचितच खर्च होतो.

तुमच्या घरासाठी खरा प्रश्न असा आहे, की बोलण्याच्या आवाजाइतका हळू ठेवल्यावरही तो ॲम्प ऐकावासा वाटतो का. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्जाचे स्वर अधिकच दुबळे ऐकू येतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास लागते, आणि तीन-चार इंची स्पीकरमधून तिचे वजन पुरेसे उमटत नाही. म्हणून जागा असेल तर निदान आठ इंची स्पीकरचा ॲम्प घ्यावा. गेन (स्वर किती फाटावा हे ठरवणारे) आणि व्हॉल्यूम यांची बटणे वेगवेगळी असावीत, म्हणजे फाटलेला, खरखरीत रॉकचा स्वरही शेजाऱ्यांना त्रास न देता काढता येतो. हेडफोनची जोडणी तर असलीच पाहिजे, आणि फोनवरचे गाणे लावून त्याबरोबर वाजवता येईल अशी दुसरी जोडणी असल्यास सरावाला मोठी मदत होते.

तरीही मी सर्वाधिक महत्त्व ॲम्पच्या स्वच्छ स्वराला देईन. शिकणाऱ्याचे बोट तारेवर नीट दाबले गेले नाही, नको ती तार वाजली किंवा ताल चुकला, तर तो दोष स्वच्छ स्वरात लगेच कळतो. भरपूर डिस्टॉर्शन (म्हणजे तोच फाटलेला स्वर) आणि रिव्हर्ब (म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी) यांमध्ये तो झाकला जातो आणि हाताला तशीच सवय लागते. या कारणाने अशा शेकडो इफेक्टांची यादी पाहून ॲम्प निवडणे मला योग्य वाटत नाही.

या दृष्टीने ऑरेंज कंपनीचा क्रश २० आरटी तुम्ही अवश्य ऐकावा. तो २० वॉटचा, आठ इंची स्पीकरचा, तारा स्वरात लावण्यासाठी अंगचाच ट्यूनर असलेला सरळसाधा ॲम्प आहे. फेंडरचा मस्टँग एलटी २५ त्याच आकाराचा आहे, पण त्यात अनेक ॲम्पचे स्वर संगणकीय पद्धतीने तयार केलेले असल्यामुळे मुलांना तो अधिक आवडतो. रक्कम वाढवता आली, तर बॉसच्या कटाना ५० मध्ये बारा इंची स्पीकर मिळतो आणि शक्ती अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणता येते.

दुकानात जाताना मुलीला आणि तिची स्वतःची गिटार बरोबर न्या, आणि आवाज घरी जेवढा ठेवाल तेवढाच ठेवायला सांगा, कारण मोठ्या आवाजात जवळपास प्रत्येक ॲम्प चांगला वाटतो. बामबेर्गजवळच्या ट्रेपेनडॉर्फ येथील थोमान या दुकानातून मागवलेली वस्तू ३० दिवसांच्या आत परत करता येते, म्हणजे घरच्या खोलीतच परीक्षा घेता येईल.

शेजाऱ्यांची काळजी जरूर घ्यावी, पण भिऊन वाजवणे बंद करू नये. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावीच लागते. दुपारच्या वेळेसाठी तुमच्या इमारतीची नियमावली पाहा. कार्ल्सरूहे येथील संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात घरातील वादनावर सरसकट बंदी घालता येत नाही असे म्हटले, आणि कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी व सुट्टीच्या दिवशी एक ते दोन तास, असे ढोबळ प्रमाण सांगितले. ॲम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा जाड फोमवर ठेवलात, तर खालच्या घरात जाणारी थरथरही बरीच कमी होईल.

गणेशोत्सवासाठी मोठा ॲम्प मुळीच घेऊ नका. आपण छोट्या ॲम्पसमोर माइक लावून त्याचा आवाज सभागृहाच्या स्पीकरमधून देतो. उलट रंगमंचावर जोरात लावलेला ॲम्प पेटीच्या आणि गायकांच्या माइकमध्ये शिरतो, आणि मग शब्द ऐकू येत नाहीत अशी तक्रार मागच्या रांगेतून येते.

जर्मनीत आणि भारतात दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच असल्यामुळे पुण्यात केवळ पिन बदलावी लागेल. मात्र अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ॲम्प मागवू नये. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा असतो, आणि केवळ त्यासाठी बनवलेला ॲम्प २३० व्होल्टला थेट जोडल्यास जळू शकतो.

प्रेषक: एक सभासद, आउग्सबुर्ग

नमस्कार. वरील सल्ला मला पटतो, तरी पाच वॉटच्या वाल्व्ह ॲम्पचा (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पचा) विचार व्हावा असे मनापासून वाटते. बोटाच्या जोरानुसार त्याचा स्वर ज्या रीतीने बदलतो, त्यामुळे मुलांना हलक्या-भारी आघाताची जाण लवकर येते.

प्रेषक: मंडळाची ध्वनिव्यवस्था पाहणारा एक सभासद

आपण म्हणता तो गुण खरा आहे आणि मलाही तो प्रिय आहे. परंतु तो पुरता खुलण्यासाठी ॲम्पचा आवाज बराच मोठा ठेवावा लागतो, आणि पाच वॉटचा वाल्व्ह ॲम्पसुद्धा त्या वेळी फ्लॅटमध्ये असह्य होतो. शिवाय वाल्व्ह झिजतात व बदलावे लागतात, आणि आत शेकडो व्होल्टचा दाब असल्यामुळे घरी उघडून पाहणे धोक्याचे असते. ताईंच्या मुलीने दोन-तीन वर्षे वाजवले आणि तिला स्वतःला तो स्वर हवासा वाटला, तर तेव्हा आपणच तिला निवडायला मदत करावी.

प्रेषक: एक सभासद, म्युनिक

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. येत्या शनिवारी मुलीला घेऊन जाऊन ऑरेंज आणि फेंडर हे दोन्ही ॲम्प हळू आवाजात ऐकू, आणि जो तिला आवडेल तोच घेऊ. कार्यक्रमाच्या तालमीसाठी तो सभागृहात केव्हा आणायचा, ते कृपया कळवावे.