रेपॉझिटरी : कोठी, भांडार की अजून काही?

दांडियाबाजारकर
मंडळी, एक अडचण आलीये. इथे बडोद्यात ज्येष्ठ मंडळींना जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) शिकवतोय, त्याचं मराठी पत्रक करतोय. रेपॉझिटरीला मी 'कोठी' लिहिलं, पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, जिथून येतात ती जागा. वाक्य होतं, "आधी कोठीतली यादी मागवा." एक काकू लगेच म्हणाल्या, "कसली यादी, मतदारांची?" आता बडोद्यात कोठी म्हणजे कलेक्टर कचेरी, त्यांचं काय चुकलं! दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती
भांडार लिहा की. भाण्डागारवरून आलाय, सरळ मराठी.

लारीवाला
ताई, भांडार म्हटलं की वस्त्रभांडार डोळ्यापुढे येतं. इथे पैसे कुठे द्यायचेत? आणि कोठार तरी कुठून आलं, कोष्ठागारच ना. कोष्ठ म्हणजे कप्पा, आणि उबुंटूच्या रेपॉझिटरीत कप्पेच आहेत, मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स. त्यामुळे माझं मत कोठीलाच, काकू काहीही म्हणोत.

ग्वाल्हेरची_सून
आमच्याकडे धान्याचं पेव असायचं, जमिनीखाली. मी पेव सुचवते. गंमत नाही, मी दिसेल तो पीपीए, म्हणजे बाहेरच्या कुणाची तरी खाजगी कोठी, जोडत गेले, पुढच्या व्हर्जनवर जाताना निम्मी पॅकेजं एकमेकांत अडकली, सगळे पीपीए एकेक करून काढावे लागले. पेव फुटणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं.

शुद्धमती
सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला, आणि तुम्ही पीपीए, पॅकेज, व्हर्जन. एका वाक्यात तीन.

लारीवाला
त्याच बडोद्यात आम्ही हातगाडीला लारी म्हणतो ताई. बोलतात तो शब्द.

बँकेतले_काका
शब्द राहू दे, पत्रकात 'की'ला, म्हणजे रेपॉझिटरीच्या key ला, काय लिहिलंय? किल्ली लिहिलं असेल तर बदला. ती कुलूप उघडत नाही, आलेल्या यादीवरची डिजिटल सही खरी की खोटी ते तिच्याशी ताडून बघतात. आमच्या काउंटरला त्याला नमुना सही म्हणायचे. चेक आला की कार्ड काढायचं, दोन्ही सह्या शेजारी धरायच्या, 'र'चा फाटा जुळला नाही की चेक परत.

दांडियाबाजारकर
काका, नमुना सही! हे आत्ताच उचललं.

शब्दवेडी
आणि अपडेट, अपग्रेड दोन्हीला अद्ययावत करा लिहिलंय का?

दांडियाबाजारकर
…हो.

शब्दवेडी
मग झालंच. ॲप्ट अपडेट या कमांडने नुसती यादी येते, मशीनवरचं एकही पॅकेज हलत नाही, अपग्रेड केलं की डब्यातलं जुनं काढून नवं भरलं जातं. लोक पहिलं करून उठतील आणि म्हणतील, झालं अद्ययावत. पहिल्याला यादी मागवा, दुसऱ्याला माल भरा.

शुद्धमती
माल??

लारीवाला
बरं, कोठी सांभाळणाऱ्याला कोठावळा म्हणायचे, मेंटेनरला, म्हणजे पॅकेजं सांभाळणाऱ्याला, तोच शब्द द्या. कोठावळे आडनाव त्यातूनच आलेलं असणार.

ग्वाल्हेरची_सून
माझं माहेरचं कोठावळे! पण आमच्यात सगळे वैद्य होते, घरात सांगायचे की कोठा म्हणजे पोट, त्यावरून पडलं.

बँकेतले_काका
वैद्यांचं आडनाव वैद्य असतं हो.

दांडियाबाजारकर
अहो, शनिवारी प्रिंट द्यायचीये, कोठी ठेवू की भांडार?

ग्वाल्हेरची_सून
काका, थांबा, आमची वंशावळ आहे, फोटो टाकते.