तातडीने मदत हवी: बाबांच्या अस्थी हातात द्यायला तयार नाहीत, रविवारी दहावा

मायनकाठ
बाबा शुक्रवारी गेले. दहन येत्या शुक्रवारी, त्याआधीची तारीखच मिळत नाही. शनिवारी रात्रीची तिकिटं काढली आहेत, रविवारी आळंदीला दहावा. आणि आज अंत्यविधीवाले म्हणतात, कलश तुमच्या हातात देता येणार नाही. पुण्याहून काकांचे सारखे फोन येतायत. कोणी स्वतः अस्थी नेल्या आहेत का? काय कागद लागतात? प्लीज लवकर सांगा.

पाऊलवाट
देश कुठला? तेच लिहिलं नाहीत.

शिकागोकर
आम्ही सासऱ्यांच्या नेल्या होत्या. धातूचा कलश अजिबात घेऊ नका. विमानतळावर एक्स-रेमध्ये आतलं दिसलं नाही तर अडवतात, आणि ते स्वतः उघडूनही बघत नाहीत. लाकडी घ्या आणि हातातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

मायनकाठ
कलशच मिळत नाहीये हो. जर्मनी, फ्रँकफर्टजवळ.

नेकरकाठची मावशी
अगं, जर्मनीत अस्थी घरी ठेवता येत नाहीत, दफनभूमीतच पुराव्या लागतात. ब्रेमेनने २०१५ पासून थोडी सूट दिली, पण बहुतेक ठिकाणी नियम तोच. भारतात विसर्जन करणार याचा पुरावा दाखवलास की सोडतात. त्यासाठी आपल्या वकिलातीचं पत्र घे. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, बाबांचा मूळ पासपोर्ट (तो तिथेच रद्द करतात) आणि तुझा पासपोर्ट. मृत्यूचा दाखला आंतरराष्ट्रीय नमुन्यातला माग, त्यात इंग्रजी असतं, भाषांतराचे दिवस वाचतात.
पण शुक्रवारी दहन आणि शनिवारी विमान हे जमणार नाही गं. दहनाचा दाखला येईपर्यंत वकिलात बंद झालेली असेल. तिकिटं पुढे ढकल. बाबा तिथेच राहायचे का? पासपोर्ट कुठला?

धर्मसिंधूवाचक
दिवस मृत्यूपासून मोजायचे. दाहापासून मोजतात ते अग्निहोत्र्याचे, म्हणजे घरी नित्य अग्नी राखणाऱ्याचे. म्हणजे दहावा रविवारीच. पिंडदानाला अस्थी समोर लागत नाहीत, विसर्जन मागाहून तीर्थावर करता येतं. कर्ता कोण? भाऊ आहे का?

सत्यशोधक सातारा
भाऊच कशाला हवा? १८९० साली जोतीराव गेले तेव्हा टिटवं (अंत्ययात्रेपुढे धरतात ते मडकं) सावित्रीबाईंनी धरलं. ताई, तुम्हीच करा. माझ्या मते दहावाही करू नका, बाबांच्या नावे एखाद्या मुलीची फी भरा.

धर्मसिंधूवाचक
त्यांनी विधी करू का असं विचारलेलं नाही. घरात आई असेल, तर तिच्या मनाचं काय?

सत्यशोधक सातारा
कर्ता कोण हेही त्यांनी विचारलं नव्हतं. ते तुम्ही काढलंत.

रानवारा
तिकडे पिंडाला कावळा शिवतो का? नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, आमच्याकडे आजोबांच्या वेळी केला होता.

पाऊलवाट
अस्थींवरून आठवलं. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, पण त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला, तिथे त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत आहेत. उलटा प्रवास. मी तो दगड पाहून आलो तेव्हा फार भरून आलं होतं.

मायनकाठ
कावळ्याचं नंतर बघू, कृपा करून. भाऊ पुण्यात आहे. बाबा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते, पासपोर्ट भारतीय. परतायला चार आठवडे होते.
आईने दिवा लावलाय, खाली पीठ पसरून. छतावरचा अलार्म वाजेल म्हणून तो खिडकीखाली हलवला, तर रात्री तीनदा उठून तेल घालते. तिला मी काय सांगू तेच कळत नाहीये.

शिकागोकर
म्हणजे व्हिजिटर व्हिसावर? हे आधी सांगायला हवं होतं. विमा काढला होता ना?

नेकरकाठची मावशी
अगदी बरोबर. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा असतो, आणि त्यात पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्चही धरलेला असतो. जुन्या आजाराबद्दल काय अटी आहेत ते पॉलिसीत वाच. दहन झालेलं नाही, म्हणजे अजून दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. आधी कंपनीला फोन कर, मगच पुढच्या कशावरही सही कर.

मायनकाठ
पॉलिसी सापडली. बाबांच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, पाकिटावर त्यांच्याच अक्षरात ‘विमा, लागल्यास’. मला माहीतच नव्हतं. कंपनीने नोंद करून घेतली, उद्या कळवतील.
आईला विचारलं, बाबांना तसंच घरी न्यायचं का? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, सामानाच्या पोटात एवढ्या लांब नको, इथेच होऊ दे, पण मला शेवटचं बघू दे. शुक्रवारी दहनाआधी बघता येईल असं अंत्यविधीवाल्यांनी कबूल केलंय. रविवारी आळंदीला दहावा भाऊ करेल, आम्ही फोनवर बघू. तिकिटं पुढे ढकलली. काकांना भाऊ सांगेल.
मावशी, दाखल्याच्या किती प्रती घेऊ?

नेकरकाठची मावशी
पाच तरी घे. बँक, पेन्शन, विमा, वकिलात आणि एक जवळ. वकिलातीत जायच्या आधी मला सांग, शक्य झालं तर मी येते बरोबर.