फिंगरस्टाइल गिटार: आधी जात्यावरची ओवी की आधी इंग्रजी लोकगीत?

तेरणाकाठ: भाचा लातूरला अकरावीत आहे. सहा महिने क्लास केला, इंग्रजी लोकगीतं फिंगरस्टाइलनं, म्हणजे नुसत्या बोटांनी तारा छेडून, छान वाजवतो. पण आजीनं विचारलं, "कुणाचं गाणं रे हे?" तर गप्प. माझं म्हणणं सरळ आहे. नवख्यानं ओवीपासून सुरुवात करावी. चाल चार-पाच सुरांतच फिरते. चौथी मोकळी तार सा धरा, पाचवी मोकळी तार खालचा पंचम. अंगठा त्या दोन्ही आळीपाळीनं वाजवत राहील. वरचा सा दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, रे पहिली तार मोकळी, ग त्याच तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, म तिसऱ्यावर. डावा हात जागचा हलत नाही.

गोदाकाठचा: बप्पा, भावना पोचल्या. पण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, कधी शिकणार? त्या लोकगीतांत बहुतेक तीन कॉर्ड असतात, जी, सी, डी. अंगठ्याचा ठोका न चुकवता ते बदलायचे, सगळा अभ्यास त्यातच आहे. शिवाय टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठं बोट ठेवायचं ते लिहिलेला कागद, आयती मिळते. तुमच्या वाटेनं गेला तर वर्षभरानं पोराच्या हातात सहा तारांचं तुणतुणं उरंल.

तेरणाकाठ: तुणतुण्यावर गोंधळी सगळी रात्र काढतात! आणि टॅबचं कौतुक सांगू नका. अमेरिकेची लोकगीतं गाणारी गिटारवादक एलिझाबेथ कॉटन डावखुरी होती. उजव्या हाताची गिटार उलटी धरून बोटांनी खर्ज आणि अंगठ्यानं चाल वाजवायची. तिला कुणी टॅब दिली होती?

गोदाकाठचा: ती कॉटन होती. तुमचा भाचा अकरावीत आहे, नीटचा क्लास वेगळा.

ज्वारीची भाकर: दोघांपैकी जात्यावर कोण बसलंय? मी आईसोबत दळलंय. ओवीला घड्याळाचा ताल नसतो. फेरा जड गेला की शब्द लांबतो, हलका झाला की पुढं सरकतो. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावून ओवी बसवायला गेलात तर पोरगं रडंल. त्यापेक्षा देवीची आराधी गाणी घ्या. संबळाचा ठेका पक्का, आणि एकीनं म्हटलेली ओळ बाकीच्या झेलतात, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा घोटून होते.

गोदाकाठचा: आराधी गाणी? त्या वेगात माझीच बोटं अडकतात.

ज्वारीची भाकर: मग निम्म्या वेगात वाजवा. देवी रागवत नाही.

नवा गडी: मधेच विचारतो. कापूस वेचणी चालूय, नखं राहत नाहीत. चालंल का?

गोदाकाठचा: चालंल की. बोटाच्या मांसानं वाजव, आवाज जरा मऊ येतो एवढंच. (या एका मुद्द्यावर तरी भांडण नको.)

तेरणाकाठ: ताईंचं तालाचं म्हणणं मला पटलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या प्रकल्पात लाखभर ओव्या जमल्यात, त्यातल्या माजलगावच्या ओव्या भाच्याला ऐकवल्या आणि एक बसवून घेतली. काल त्यानं आजीपुढं वाजवली. डोळे मिटून ऐकलं तिनं. मग म्हणाली, "चाल बरोबर हाय, पण लई घाईत दळायलास. पीठ जाडं यील."